निवृत्तीच्या पुंजीतून घर : उचल आणि परतावा

निवृत्तीनंतरच्या उपजीविकेसाठी नोकरीच्या काळात साठवलेली रक्कम मध्येच काढून, किंवा तिच्या आधारावर कर्ज घेऊन, राहते घर विकत घ्यावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता ज्याच्या त्याच्या घरखर्चाच्या हिशेबाचा वाटतो. परंतु ज्या ज्या देशाने पगारातून सक्तीची कपात करून म्हातारपणाची तरतूद उभी केली, त्या त्या देशाला या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या भाषेत द्यावे लागले आहे, आणि ही उत्तरे परस्परांपासून बरीच दूर गेलेली दिसतात. कोठे ही रक्कम कर्ज मानून पगारातून हप्त्याहप्त्याने परत घेतली जाते, कोठे घर विकले जाईपर्यंत ती घरातच राहू दिली जाते आणि विक्रीच्या दिवशी व्याजासह खात्यात परत आणली जाते, तर कोठे एकदा बाहेर पडलेल्या रकमेचा पुढे कोणी माग ठेवत नाही. भारतातील कर्मचारी भविष्य निर्वाह निधीची व्यवस्था या शेवटच्या प्रकारात मोडते. घरासाठी निधीतून पैसे काढणे योग्य की अयोग्य, एवढ्यावरच भारतातील बहुतेक चर्चा थांबते. काढलेला पैसा कोणत्या वाटेने परत यावा, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न मात्र तीत क्वचितच उपस्थित होतो. प्रस्तुत आढाव्याचा रोख या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

भविष्य निर्वाह निधी, म्हणजे कामगारांच्या बोलीतला ‘फंड’, १९५२ च्या कायद्याने उभा राहिला. सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड व पोलाद, कागद आणि कापड अशा सहा उद्योगांपासून त्याची सुरुवात झाली. कापडउद्योग पहिल्या यादीतच असल्याने गिरणगावातील कामगार या योजनेच्या आरंभीच्या सभासदांत होता, आणि गावाकडे घर बांधणे हा फंडाचा एक प्रमुख उपयोग असल्याचे त्याच्या घरादारात सर्वांनीच गृहीत धरलेले असे. सध्याच्या सर्वसाधारण नियमानुसार मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्के रक्कम कर्मचाऱ्याच्या पगारातून कापली जाते आणि तेवढीच रक्कम मालक भरतो. मात्र मालकाच्या हिश्श्यातील ८.३३ टक्के भाग, १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेपर्यंत, १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेकडे वळवला जातो आणि उरलेलाच निधीत जमा होतो. हा भेद पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावा लागतो, कारण घरासाठी पैसे निघतात ते निधीतून. निवृत्तिवेतनाच्या हिश्श्याला त्यामुळे धक्का लागत नाही. परंतु तो हिस्सा मुळातच तुटपुंजा आहे. निवृत्तिवेतनासाठी धरलेल्या वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागावे, हे त्याचे सूत्र असल्याने १५,००० रुपयांच्या मर्यादेत ३५ वर्षे नोकरी केलेल्या माणसालाही महिना ७,५०० रुपयेच मिळतात, आणि सप्टेंबर २०१४ पासून ठरवलेली किमान रक्कम तर १,००० रुपये आहे. म्हणजे म्हातारपणाचा खरा भार निधीतल्या एकरकमी पैशावरच पडतो, आणि घरासाठी हात घातला जातो तोही त्याच पैशाला.

योजनेच्या परिच्छेद ६८-बी मध्ये घरासाठीच्या उचलीची जी मूळ रचना आहे, ती काळजीपूर्वक आखलेली होती. पाच वर्षांचे सभासदत्व पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्याला जागा घेण्यासाठी २४ महिन्यांच्या, आणि घर किंवा सदनिका घेण्यासाठी अथवा बांधण्यासाठी ३६ महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम मिळू शकते. परंतु ही वेतनाची मर्यादा, खात्यात दोन्ही हिश्श्यांची व्याजासह जमलेली शिल्लक आणि घराचा प्रत्यक्ष खर्च या तिन्हींपैकी जी रक्कम सर्वांत कमी असेल, तीच हाती पडते. बांधकाम सहा महिन्यांत सुरू व्हावे, पैसे ज्या कारणासाठी घेतले त्याच कारणी लागावेत, आणि तसे न झाल्यास ते दंडव्याजासह वसूल व्हावेत, अशा अटी तिला जोडलेल्या आहेत. घर सभासदाच्या, त्याच्या पतीच्या किंवा पत्नीच्या, अथवा दोघांच्या नावावर असावे लागते. परिच्छेद ६८-बीबी नुसार दहा वर्षांच्या सभासदत्वानंतर आधी घेतलेले गृहकर्ज फेडण्यासाठीही पैसे काढता येतात. आणि एप्रिल २०१७ मध्ये जोडलेल्या परिच्छेद ६८-बीडी ने तीन वर्षांच्या सभासदत्वानंतर, किमान दहा सभासदांच्या गृहनिर्माण संस्थेमार्फत घर घेणाऱ्याला शिल्लकेच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम काढण्याची आणि कर्जाचे मासिक हप्ते परस्पर निधीतून भरण्याची मुभा दिली. त्याच वर्षी आलेल्या एकत्रित अर्जामुळे खरेदीची कागदपत्रे जोडण्याची गरज उरली नाही आणि सभासदाचे स्वतःचे प्रतिज्ञापन पुरेसे ठरले. पुढे २०२४ मध्ये घरासाठीचे दावे मानवी तपासणीशिवाय निकाली काढण्याच्या यंत्रणेत आले. सभासदाला खेटे घालावे लागू नयेत हा या बदलांचा हेतू निर्विवाद चांगला होता, पण त्याबरोबर पैशाच्या विनियोगावरची देखरेखही सैल झाली, हे नोंदवणे भाग आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने याहून मोठे पाऊल उचलण्याचा निर्णय घेतला. अंशतः पैसे काढण्याच्या तेरा वेगवेगळ्या तरतुदी मोडून आवश्यक गरजा, घर आणि विशेष परिस्थिती असे तीनच वर्ग ठेवावेत, सर्वांसाठी किमान सेवा बारा महिन्यांची असावी, आणि जमा वर्गणीच्या २५ टक्के रक्कम किमान शिल्लक म्हणून राखून उरलेली काढता यावी, असे ठरले. या निर्णयाचे समर्थन करताना सरकारने जी आकडेवारी पुढे केली, ती विचार करायला लावणारी आहे: अंतिम हिशेबाच्या वेळी निम्म्या सभासदांच्या खात्यात २०,००० रुपयांहूनही कमी आणि तीन चतुर्थांश सभासदांच्या खात्यात ५०,००० रुपयांहून कमी रक्कम आढळत होती. वारंवार नोकरी सुटणे आणि प्रत्येक वेळी खाते रिकामे करणे हे त्याचे मुख्य कारण असल्याने एकट्या घरखरेदीला त्याचा दोष देता येणार नाही. तरीही ज्या निधीतून आधीच इतके पाणी वाहून जाते, त्याला घरासाठी आणखी रुंद वाट करून देताना राखीव रक्कम एक चतुर्थांशच का, हा प्रश्न उरतो. मलेशियाच्या निधीने मे २०२४ पासून नव्या वर्गणीची विभागणी करताना ७५ टक्के रक्कम केवळ निवृत्तीसाठी बांधून ठेवली आणि घरासारख्या गरजांसाठी १५ टक्क्यांचे स्वतंत्र खाते दिले; भारताने राखण्याचे प्रमाण नेमके उलटे धरले आहे.

या विषयात ‘उचल’ या शब्दानेही बराच गोंधळ केला आहे. मराठीत उचल म्हणजे पुढे फेडायची रक्कम. ऊसतोड मजूर मुकादमाकडून घेतो ती उचल अंगावर राहते आणि कामातून फिटते. निधीच्या इंग्रजी नियमांतही आगाऊ रक्कम या अर्थाचा शब्द आहे, परंतु घरासाठीची ही रक्कम फेडायची नसते, किंबहुना ती हप्त्याने परत भरण्याची सोयच योजनेत नाही. सरकारी कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधीत हा भेद स्पष्ट ठेवलेला आहे. तेथे ‘परतावा’ रक्कम वेगळी, जी ठरावीक हप्त्यांत पगारातून कापून पुन्हा खात्यात येते, आणि ‘ना-परतावा’ रक्कम वेगळी, जी कायमची निघून जाते. जिल्हा परिषदेच्या शाळेतील कोणताही शिक्षक हे दोन शब्द अचूक वापरतो. खाजगी क्षेत्रातील सभासदाला मात्र ना-परतावा हा एकच पर्याय आहे, आणि कर्ज घेतल्याची भावना नसल्यामुळे ते फेडण्याची निकडही त्याला जाणवत नाही.

ही रक्कम नेमकी कोणत्या टप्प्यावर लागते, हे पाहिले म्हणजे तिची गरज खोटी नाही हे पटते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यावरील कर्जात ७५ टक्के रक्कम बँक देऊ शकते; उरलेली रक्कम, जिला व्यवहारात ‘मार्जिन’ किंवा ‘डाऊन पेमेंट’ म्हणतात, घेणाऱ्यालाच उभी करावी लागते. एक कोटीच्या सदनिकेसाठी ती २५ लाख होते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क हे सामान्यतः घराच्या किमतीत धरले जात नाहीत, आणि मुंबईत मेट्रोच्या अधिभारासह मुद्रांक शुल्कच ६ टक्के पडते, म्हणजे आणखी सहा लाख आणि नोंदणीचे तीस हजार. म्हाडाच्या सोडतीत नाव लागलेल्या कुटुंबालाही पैसे भरण्याची मुदत ठरलेली असते. अशा वेळी सोने मोडणे, नातेवाइकांकडे हात पसरणे किंवा चढ्या व्याजाचे वैयक्तिक कर्ज घेणे यांच्या तुलनेत निधीतली स्वतःची रक्कम काढणे हा सन्मानाचा मार्ग ठरतो. वर्षानुवर्षे भाडे भरणाऱ्या, दर अकरा महिन्यांनी करार संपला की नवे घर शोधणाऱ्या कुटुंबाला ‘म्हातारपणी उपयोगी पडेल’ असे सांगून त्याचेच पैसे नाकारणे न्याय्य म्हणता येत नाही.

यातला तोटा सांगताना सहसा चक्रवाढीचा आकडा समोर ठेवला जातो. पस्तिसाव्या वर्षी काढलेले दहा लाख रुपये निधीतच राहिले असते, तर दरसाल ८ टक्के व्याजाने अठ्ठावन्नाव्या वर्षी ते सुमारे ५८ लाख ७० हजार झाले असते, हा हिशेब अचूक आहे. पण तो अर्धाच आहे, कारण त्या दहा लाखांनी कर्जाचा तेवढा भार कमी झालेला असतो. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतलेल्या दहा लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ८,६७८ रुपये येतो. निधीतून दहा लाख काढल्यामुळे ज्याला एवढे कर्ज कमी घ्यावे लागले, त्याने तेच ८,६७८ रुपये दरमहा पुन्हा निधीत भरले, तर ८ टक्क्यांनी वीस वर्षांत त्याचे सुमारे ४९ लाख होतात. आणि पैसे न काढता दहा लाख तसेच ठेवले असते, तर वीस वर्षांत ते सुमारे ४६ लाख ६० हजार झाले असते. म्हणजे कर्जाचे व्याज निधीच्या व्याजाहून किंचित अधिक असेल, तर पैसे काढणारा तोट्यात न जाता थोडा नफ्यातच राहतो. निधीचा व्याजदर १९८९-९० पासून दशकभर १२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ८.१ टक्क्यांपर्यंत उतरला आणि २०२३-२४ व २०२४-२५ साठी ८.२५ टक्के राहिला. गृहकर्जाचे दरही खालीवर होत असतात, तेव्हा हा फरक कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला झुकणार. त्यात नव्या करपद्धतीत राहत्या घराच्या कर्जव्याजाची वजावट मिळत नसल्यामुळे, करसवलतीसाठी मोठे कर्ज अंगावर ठेवण्याच्या जुन्या सल्ल्यातही आता पूर्वीचा दम राहिलेला नाही.

या हिशेबातला निर्णायक घटक व्याजदर नसून ते ८,६७८ रुपये आहेत. वाचलेला हप्ता निधीत परत गेला तर म्हातारपण शाबूत राहते. तो मोठ्या घराच्या हप्त्यात, शाळेच्या शुल्कात किंवा घरखर्चात विरघळला तर निवृत्तीच्या दिवशी ५० लाखांच्या आसपासचे भगदाड दिसते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दुसरे घडण्याची शक्यता अधिक, आणि त्याला उधळेपणा कारणीभूत नसतो. निधीतली रक्कम हाती आल्याने कर्ज कमी घेतले जाण्याऐवजी अधिक महाग घर आवाक्यात येते. म्हणजे हप्ता वाचतच नाही, तो तेवढाच राहतो आणि वर निधीही रिकामा होतो. स्वेच्छेने जादा वर्गणी भरण्याची सोय योजनेत आहे, तिने हे भगदाड बुजवता येते. पण त्यासाठी कर्मचाऱ्याने आपण होऊन आस्थापना विभागाकडे अर्ज करावा लागतो, आणि घर घेतल्यानंतरच्या ओढाताणीच्या वर्षांत ते कोणाकडून घडेल अशी अपेक्षा करणे कठीण आहे.

कमी पगाराच्या कामगाराची स्थिती याहून वेगळी आहे. वेतनमर्यादेइतक्या १५,००० रुपयांवर कपात होणाऱ्याच्या खात्यात त्याचे १,८०० आणि मालकाचे ५५० मिळून दरमहा २,३५० रुपये जमतात, आणि ८ टक्क्यांनी दहा वर्षांनंतर ही रक्कम सव्वाचार लाखांच्या आसपास पोहोचते. मुंबई-ठाण्यात एवढ्या रकमेत मुद्रांक शुल्कही जेमतेम भागते; सांगलीच्या किंवा रत्नागिरीच्या एखाद्या गावात मात्र तिने जोते, भिंती आणि स्लॅबपर्यंत मजल जाऊ शकते. येथे नियमाची आणखी एक अडचण आडवी येते. सामाईक मालमत्तेतील हिस्सा घेण्यासाठी, किंवा पती-पत्नीव्यतिरिक्त इतरांबरोबर सामाईक असलेल्या जागेवर बांधण्यासाठी, परिच्छेद ६८-बी नुसार पैसे मिळत नाहीत. कोकणातील वडिलोपार्जित घरांचे आणि गावठाणातील जागांचे उतारे भाऊ, चुलते आणि चुलतभाऊ यांच्या नावांनी भरलेले असतात, आणि वाटणीपत्र न झाल्याने घराचा एक कोपराही कायद्याने एकट्याचा नसतो. भांडणाच्या जागेत निधीचा पैसा अडकू नये, हा या अटीचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु परिणाम असा होतो, की शहरातील नव्या सदनिकेच्या खरेदीला जो पैसा सहज मिळतो, तो गावाकडच्या सामाईक जागेवर घर बांधू पाहणाऱ्या कामगाराला मिळत नाही, आणि म्हातारपणी परतून राहायचे ठिकाण तर पुष्कळदा तेच असते.

पैसे निधीतून घरात गेल्यावर त्यांचे कायदेशीर स्वरूपही बदलते, आणि या बदलाकडे हिशेब मांडणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. १९५२ च्या कायद्याच्या कलम १० ने सभासदाच्या खात्यातील रक्कम कोणाकडे हस्तांतरित करण्यास, तारण ठेवण्यास किंवा न्यायालयीन जप्तीखाली आणण्यास मनाई केली. सभासदाच्या मृत्यूनंतर नामनिर्देशित व्यक्तीला मिळणारी रक्कमही मृताच्या कर्जापासून मुक्त ठेवली. धंद्यात बुडालेल्या, जामीनकीत अडकलेल्या किंवा सावकाराच्या तगाद्यात सापडलेल्या माणसाची बाकी सर्व चीजवस्तू गेली, तरी फंड राहतो, तो या कलमामुळे. हीच रक्कम गहाण ठेवलेल्या घरात ओतली, की हे कवच गळून पडते. हप्ते थकल्यास २००२ च्या वित्तीय मालमत्तांच्या प्रतिभूतीकरणविषयक कायद्यानुसार बँक साठ दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयात दावा न लावता, घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते; आणि मार्जिन म्हणून भरलेली निधीची रक्कम घरातच असल्याने लिलावाच्या भावावर तिचे भवितव्य ठरते. बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात जोखीम आणखी वाढते. स्थावर संपदा कायद्याने नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बंदी केली आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन विकासकावर घातले, ही मोठी सुधारणा आहे. तरी रखडलेल्या इमारतीत अडकलेला निधी वेळेवर परत मिळेल याची हमी तीतून मिळत नाही. शिवाय निधीशी जोडलेल्या विमा योजनेत, नोकरीत असताना मृत्यू आल्यास मिळणाऱ्या कमाल सात लाखांपैकी पावणेदोन लाखांपर्यंतचा भाग आधीच्या बारा महिन्यांतील सरासरी शिल्लकेवर ठरतो. खाते रिकामे करणाऱ्याच्या वारसांना हा भागही कमी मिळतो, आणि ही गोष्ट घर घेताना विचारात घेणारे फारच थोडे.

भारतातल्याच इतर योजनांपैकी राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीने घरासाठी केवळ स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंतची मर्यादा घातली आहे आणि वर्गणीवरील वाढीला हात लावू दिलेला नाही. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत खऱ्या अर्थाने कर्ज मिळते, पण त्याची रक्कम घरासाठी पुरण्यासारखी नसते.

परदेशांतील व्यवस्थांत पैशाच्या परतीचा विचार अधिक नेमकेपणाने झालेला दिसतो. अमेरिकेतील नोकरदारांचे ४०१(के) खाते, जे तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही भारतातील फंडाइतकेच परिचयाचे आहे, त्यातून स्वतःच्या हक्काच्या शिल्लकेच्या निम्मी किंवा ५०,००० डॉलर, यांपैकी कमी असलेली रक्कम कर्जाऊ घेता येते. ती एरवी पाच वर्षांत फेडावी लागते, राहत्या घरासाठी मात्र अधिक मुदत देता येते. हप्ता पगारातून कापला जातो आणि व्याजही स्वतःच्याच खात्यात जमा होते. ‘आपणच आपल्याला व्याज देतो’ म्हणून हे कर्ज फुकटचे समजणे मात्र चुकीचे आहे, कारण तेवढा काळ रक्कम बाजारातील गुंतवणुकीबाहेर राहते, आणि व्याज करपश्चात उत्पन्नातून भरूनही निवृत्तीनंतर काढताना त्यावर पुन्हा कर लागतो. सर्वांत मोठा धोका नोकरी जाण्याचा. नोकरी सुटल्यावर उरलेले कर्ज त्या वर्षीचे करविवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत चुकते केले नाही, तर ती रक्कम उत्पन्न धरली जाते आणि साडेएकोणसाठ वर्षांच्या आतील व्यक्तीला सामान्यतः १० टक्के जादा करही भरावा लागतो. मंदीत नोकरी आणि घराची किंमत एकाच वेळी घसरतात, त्यामुळे हा भार नेमका सर्वांत वाईट वेळी येऊन पडतो. कॅनडात १९९२ पासून पहिल्या घरासाठी नोंदणीकृत निवृत्ती बचत खात्यातून करमुक्त रक्कम काढता येते. आरंभीची २०,००० डॉलरची मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढून २०२४ मध्ये ६०,००० डॉलर झाली. फेड पंधरा वर्षांत करायची असते आणि ज्या वर्षीचा हिस्सा भरला नाही, त्या वर्षी तेवढी रक्कम उत्पन्नात मिळवून कर आकारला जातो. पण चुकलेला हिस्सा पुन्हा खात्यात भरण्याची संधी गेलेली असते, आणि कराची किरकोळ टोचणी सहन करून फेड सोडून देणाऱ्याच्या म्हातारपणाला त्या कराचा काहीच उपयोग नसतो.

सिंगापूरचे उदाहरण सर्वांत दूरगामी आहे. तेथील केंद्रीय भविष्य निर्वाह निधी १९५५ मध्ये सुरू झाला आणि १९६८ पासून गृहनिर्माण मंडळाच्या सदनिकांसाठी त्यातील रक्कम वापरण्याची परवानगी मिळाली, ज्यामुळे काही दशकांत सुमारे नव्वद टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहू लागली. सदनिका विकताना निधीतून वापरलेली मुद्दल तर परत करावी लागतेच, पण ती निधीत राहिली असती तर जे व्याज मिळाले असते, तेही विक्रीच्या रकमेतून स्वतःच्याच खात्यात भरावे लागते. म्हणजे घराने निवृत्तीकडून घेतलेल्या पैशाचा हिशेब शेवटपर्यंत उघडा राहतो. एवढे असूनही घर मोठे आणि हातात रोकड थोडी, अशा वृद्धांचा प्रश्न तेथे उभा राहिलाच. मंडळाच्या सदनिका नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असल्याने २००९ मध्ये भाडेपट्ट्याची शेवटची काही वर्षे मंडळालाच परत विकून त्यातून आजीवन मासिक रक्कम मिळवण्याची योजना आणावी लागली. स्वित्झर्लंडने १९९५ पासून घरासाठी नोकरीशी संलग्न निवृत्तिनिधीतून किमान २०,००० फ्रँक काढण्याची मुभा दिली, तेव्हा त्या रकमेची नोंद घराच्या भूमी-नोंदवहीत करणे बंधनकारक केले. घर विकताना ती रक्कम निधीत परत करावीच लागते, आणि पैसे प्रत्यक्ष न काढता निधी तारण ठेवून बँकेकडून अधिक कर्ज मिळवण्याचा पर्यायही तेथे आहे. ही नोंद मराठी वाचकाला परकी वाटू नये. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा चढतो, आणि तो उतरल्याशिवाय सहसा कोणी जमीन घ्यायला धजत नाही, ही व्यवस्था महाराष्ट्रातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो.

ऑस्ट्रेलियातील वाद वेगळ्या मुद्द्यावर पेटला. तेथे १९९२ पासून मालकाने भरायच्या सक्तीच्या निवृत्ती वर्गणीला घरासाठी हात लावू न देता, केवळ स्वेच्छेने भरलेली जादा रक्कम, एकूण ५०,००० डॉलरपर्यंत, पहिल्या घरासाठी काढण्याची सोय आहे. २०२२ च्या निवडणुकीत तत्कालीन सत्ताधारी आघाडीने सक्तीच्या रकमेलाही ही मुभा देण्याचे आश्वासन दिले, तेव्हा ज्या शहरात घरे अपुरी आहेत तेथे सर्वच खरेदीदारांच्या हाती एकाच वेळी पैसा आला, तर किमतीच चढतील आणि तरुणांची निवृत्ती आजच्या विक्रेत्यांच्या खिशात जाईल, असा आक्षेप घेतला गेला. ती आघाडी निवडणूक हरली आणि योजना अमलात आली नाही. न्यूझीलंडने मात्र तीन वर्षांच्या सभासदत्वानंतर १,००० डॉलर वगळता जवळजवळ सगळी शिल्लक पहिल्या घरासाठी मोकळी केली आहे. किमती चढण्याचा आक्षेप मुंबई आणि पुण्याला जितका लागू पडतो तितका तो लहान गावांना पडत नाही, कारण जेथे जागा आहे आणि बांधकाम करता येते, तेथे जादा पैशाने घरांची संख्या वाढू शकते. निधीचा नियम मात्र देशभर एकच असतो.

राहते घर हेच एक प्रकारचे निवृत्तिवेतन आहे, हा युक्तिवाद येथे गांभीर्याने घ्यावा लागतो, कारण साठीनंतर ज्याला भाडे भरावे लागत नाही, त्याचा महिन्याचा सर्वांत मोठा खर्च टळलेला असतो. पण घर भाडे वाचवते. ते औषधपाण्याला, सोसायटीच्या देखभाल-खर्चाला किंवा पुनर्विकासाच्या काळातील तात्पुरत्या स्थलांतराला पैसे देत नाही. घर न सोडता त्यातून मासिक रक्कम मिळवण्याची ‘उलट गहाण’ योजना २००७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाली. तीत वृद्ध मालक घरातच राहतो, बँक त्याला ठरावीक रक्कम देत जाते आणि त्याच्या व जोडीदाराच्या पश्चात घराच्या विक्रीतून कर्ज वसूल होते. भारतात ती रुजली नाही, आणि त्याचे कारण केवळ बँकांच्या अनास्थेत शोधणे पुरेसे नाही. मराठी कुटुंबात घर हे मुलांना द्यायचे असते, आणि आईवडिलांनी जिवंतपणी घरावर कर्ज काढून ते खाणे म्हणजे मुलांनी सांभाळले नाही याची जाहीर कबुली ठरते. त्यामुळे निधीतला पैसा एकदा घरात गेला, की तो पुढच्या पिढीच्या वारशात जमा होतो. ज्याच्या पगारातून तो कापला गेला, त्याला म्हातारपणी तो हाताशी लागत नाही. पत्नीच्या बाबतीत हे अधिक जाणवते. निधीचे नामनिर्देशन कुटुंबातच करावे लागते आणि विधवेच्या हाती ती रक्कम थेट पडते, तर पतीच्या एकट्याच्या नावावरील घरात तिच्याबरोबर मुलेही आणि सासू हयात असल्यास तीही वारस ठरते, आणि घर विकण्याचा किंवा ठेवण्याचा निर्णय तिचा एकटीचा राहत नाही. निधीतून घेतलेले घर दोघांच्या नावावर असण्याची मुभा नियमात आहे, पण ती सक्ती नाही. तशी सक्ती करण्यास प्रशासकीय अडचण कोणतीही दिसत नाही आणि तिचा लाभ ठोस आहे.

भारतीय नियमांत बदल सुचवायचा तर पैसे काढण्यावर नवी बंधने घालण्यापेक्षा परतीच्या वाटा उघडणे अधिक उपयुक्त ठरेल. सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधीतील परतावा रकमेप्रमाणे खाजगी कर्मचाऱ्यालाही पगारातून छोट्या हप्त्यांनी परतफेडीचा पर्याय अर्जातच देता येईल. तो आपोआप लागू असावा आणि नको असेल त्याने नाकारावा, म्हणजे विसरणाऱ्याचेही हित साधले जाईल. नोकरी सुटल्यास हप्ते थांबावेत, दंड होऊ नये, एवढी खबरदारी अमेरिकेच्या अनुभवावरून घ्यावी लागेल. घर विकले गेले, तर काढलेली मुद्दल तरी खात्यात परत यावी, यासाठी विक्रीच्या दस्ताच्या नोंदणीशी सभासदाचा खातेक्रमांक जोडणे तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेले नाही, कारण २०१४ पासून प्रत्येक सभासदाला नोकरी बदलली तरी न बदलणारा एकच क्रमांक मिळतो आणि दस्तनोंदणीही संगणकावर होते. ठाण्याची सदनिका विकून मुलाजवळ पुण्याला जाणाऱ्या, किंवा शहरातील घर मोडून गावी परतणाऱ्या निवृत्तीच्या उंबरठ्यावरील सभासदाच्या हाती त्या दिवशी मोठी रोकड असते. त्या रकमेतून काढलेला पैसा निधीत परत भरायची सभासदाची स्वतःची इच्छा असली, तरी आज योजनेत तशी रक्कम स्वीकारणारा अर्जच नाही.